खातेदाराची माहिती न्यायालयाने मागितली, तर बँकेने काय करावे

खातेदाराची माहिती कोणालाही सांगू नये आणि न्यायालयाचा आदेश आल्यावर ती सादर करावी, ही दोन कर्तव्ये एकाच शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर येतात. ती परस्परविरोधी आहेत असे समजले की चुका सुरू होतात. कोणी समन्स पाहून घाबरतो आणि मागितले त्याच्या चौपट कागद पाठवून देतो. कोणी ‘ग्राहकाची माहिती गोपनीय आहे’ एवढा शेरा मारून समन्स परत करतो. दोघेही चुकतात. बँकेला न्यायालयापुढे माहिती नाकारण्याचा विशेषाधिकार नाही. वकील आणि अशील यांच्यातील संवादाला साक्ष्य कायद्याने जे संरक्षण दिले आहे, ते बँकर आणि खातेदार यांच्यातील व्यवहाराला दिलेले नाही. मात्र आदेशाने गोपनीयतेचे दार उघडते ते आदेशातील शब्दांपुरतेच, आणि त्या शब्दांपलीकडचा प्रत्येक कागद आजही गोपनीयच असतो. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने बँक अधिकाऱ्यांसाठी आहे; शेवटी पक्षकार आणि खातेदार यांच्यासाठीही काही सूचना दिल्या आहेत.

कर्तव्याचा आधार

या विषयाचा पाया लंडनच्या अपील न्यायालयाने १९२४ मध्ये ‘टूर्नियर विरुद्ध नॅशनल प्रोव्हिन्शियल अँड युनियन बँक ऑफ इंग्लंड’ या खटल्यात घातला. खात्यातील थोड्याशा उचलीची परतफेड थकल्यामुळे शाखा व्यवस्थापकाने खातेदाराचा पत्ता शोधण्यासाठी त्याच्या मालकाला दूरध्वनी केला आणि बोलण्याच्या ओघात थकबाकीची व त्याच्या सट्टेबाजीच्या संशयाची गोष्ट सांगून टाकली; त्या माणसाची नोकरी पुढे चालू राहिली नाही. गोपनीयता हा बँक आणि खातेदार यांच्यातील कराराचाच गर्भित भाग आहे असे न्यायालयाने सांगितले आणि त्याला चार अपवाद नोंदवले: कायद्याची सक्ती, जनतेप्रति कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हितसंबंध आणि खातेदाराची स्पष्ट वा गर्भित संमती. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत आज हेच चार अपवाद आहेत. सरकारी किंवा अन्य यंत्रणेने माहिती मागितल्यास, ती दिल्याने बँकिंग व्यवहारांच्या गोपनीयतेच्या कायद्यांचा भंग होत नाही याची बँकेने स्वतः खात्री करून घ्यावी, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे मागणारा सरकारी आहे एवढ्यानेच बँकेची जबाबदारी संपत नाही.

राष्ट्रीयीकृत बँकांना १९७० आणि १९८० च्या अधिग्रहण कायद्यांतील कलम १३ लागू होते आणि स्टेट बँकेला १९५५ च्या कायद्यातील कलम ४४ लागू होते. या कलमांखाली निष्ठा व गोपनीयतेची शपथ घ्यावी लागते. खासगी आणि नागरी सहकारी बँकांच्या बाबतीत हेच बंधन करारातून आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतून येते, त्यामुळे ‘आमच्यासाठी तसा कायदा नाही’ असे म्हणण्याची सोय कोणालाही नाही. त्याशिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हैदराबादचे जिल्हा निबंधक विरुद्ध कॅनरा बँक या प्रकरणात आंध्र प्रदेशातील मुद्रांक कायद्याची एक दुरुस्ती रद्द ठरवताना असे स्पष्ट केले की, कागदपत्रे बँकेच्या ताब्यात दिली म्हणून त्या व्यक्तीचा खासगीपणाचा हक्क संपत नाही, कारण तो हक्क जागेला जोडलेला नसून माणसाला जोडलेला आहे. २०१७ च्या नऊ न्यायाधीशांच्या पुट्टस्वामी निकालानंतर तर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे याबद्दल शंकाच उरलेली नाही.

कागद हातात आल्यावर प्रथम काय पाहावे

सर्वांत आधी हा कागद कोणाच्या अधिकाराखाली आला आहे ते पाहावे. वकिलाची नोटीस कितीही कडक भाषेत लिहिलेली असली तरी तो आदेश नव्हे. तिच्या आधारे एकही नोंद देऊ नये आणि ‘सक्षम न्यायालयाचा आदेश आल्यास त्याचे पालन केले जाईल’ असे सभ्य उत्तर द्यावे. या उत्तरातही संबंधित व्यक्तीचे खाते आपल्या शाखेत आहे किंवा नाही, याचा उल्लेख करू नये, कारण खाते असणे ही सुद्धा माहितीच आहे. पती, पत्नी, भाऊ, भागीदार किंवा मालक शाखेत येऊन ‘दावा चालू आहे, फक्त शिल्लक सांगा’ म्हणत असेल, तरी उत्तर हेच. दाव्याची प्रत दाखवली म्हणजे आदेश दाखवला असे होत नाही.

दिवाणी न्यायालयाचे समन्स सामान्यतः दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ खाली (येथे ‘आदेश’ म्हणजे संहितेतील साक्षीदारांना बोलावण्याबाबतच्या नियमांचे प्रकरण) निघते. त्यावर न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, तारीख, शिक्का आणि हजेरीचा उद्देश असतो. हा उद्देश लक्ष देऊन वाचणे फार महत्त्वाचे आहे, कारण साक्ष देण्यासाठी बोलावणे आणि केवळ दस्तऐवज हजर करण्यासाठी बोलावणे यांत मोठा फरक आहे. आदेश १६ च्या नियम ६ प्रमाणे ज्याला फक्त दस्तऐवज हजर करण्यास सांगितले आहे, त्याने तो दुसऱ्यामार्फत न्यायालयात पोहोचवला तरी समन्सचे पालन झाले असे मानले जाते. दस्तऐवजाबद्दल आक्षेप असला तरी तो न्यायालयात न्यावाच लागतो, आणि आक्षेपाचा निर्णय न्यायालय करते, असे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १६५ सांगते. जुन्या साक्ष्य कायद्यात हेच कलम १६२ होते. म्हणून आक्षेप आहे या कारणाने तारखेला न जाणे हा पर्याय नाही. गैरहजेरीवर वॉरंट निघू शकते, आणि त्यावर अधिकाऱ्याचे नाव असते.

ग्राहक आयोग, कौटुंबिक न्यायालय, कर्जवसुली न्यायाधिकरण यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे अधिकार त्यांच्या कायद्यांनी दिलेले आहेत, तेव्हा त्यांचे समन्स ‘हे काही दिवाणी न्यायालय नव्हे’ म्हणून बाजूला ठेवू नये. लवादाच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे. प्रकरणाबाहेरच्या व्यक्तीकडून पुरावा हवा असेल तर १९९६ च्या लवाद व समेट कायद्याचे कलम २७ न्यायालयाची मदत घेण्याचा मार्ग दाखवते. त्यामुळे लवादाचे थेट पत्र आले तर ते विधी विभागाकडे पाठवून सल्ला घ्यावा आणि कलम २७ खालचा न्यायालयीन आदेश आल्यास त्याचे पालन करावे. परदेशी न्यायालयाचा आदेश थेट शाखेत आला, तर तो भारतीय कायद्याची सक्ती ठरत नाही. अशा मागणीसाठी उच्च न्यायालयामार्फत कमिशन काढण्याची, म्हणजे पुरावा नोंदवण्यासाठी व्यक्ती नेमण्याची, तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, आणि मागणी त्या वाटेने आली पाहिजे.

पोलिसांची मागणी वेगळ्या वाटेने येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय समन्स काढू शकते किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, आणि तो आदेश इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही असू शकतो. त्यामुळे ईमेलवर आला म्हणून तो नाकारता येत नाही, पण ज्या पत्त्यावरून तो आला तो अधिकृत आहे का, गुन्हा क्रमांक आणि कलम लिहिले आहे का, सही कोणाची आहे, हे पाहून ठाण्याच्या नोंदलेल्या दूरध्वनीवर खातरजमा करावी. मोबाइलवर आलेल्या छायाचित्राच्या भरवशावर खातेउतारा पाठवू नये. कलम ९४ मध्येच असेही म्हटले आहे की, १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टला त्याने बाधा येत नाही. आणि त्या कायद्याच्या कलम ८ नुसार तपासाच्या बाबतीत न्यायालयाच्या आदेशाची जागा घेणारा अधिकारी पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसावा आणि सरकारने त्याला त्यासाठी नेमून दिलेले असावे. नेहमीच्या प्रकरणात ठाण्याच्या लेखी आदेशावर प्रमाणित उतारे दिले जातात; मात्र पुस्तकांची थेट पाहणी मागितली गेली, तर हे कलम समोर ठेवून विधी विभागाचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१८९१ चा कायदा नीट वाचावा

बँकेच्या बाजूने सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वाचला जाणारा कायदा म्हणजे बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१. खातेवह्या पुराव्यासाठी न्यायालयात अडकून पडल्या तर बँकेचे काम थांबेल, ही अडचण तो सोडवतो. कलम ४ प्रमाणे बँकेच्या पुस्तकातील नोंदीची प्रमाणित प्रत ही त्या नोंदीचा प्रथमदर्शनी पुरावा ठरते. कलम ५ त्यापुढे जाते: बँक ज्या प्रकरणात पक्षकार नाही, त्यात बँकेच्या अधिकाऱ्याला, या कायद्याखाली जे प्रतीने सिद्ध होऊ शकते ते मूळ पुस्तक हजर करण्याची किंवा त्यातील नोंदी सिद्ध करण्यासाठी साक्षीदार म्हणून येण्याची सक्ती करता येत नाही, त्यासाठी न्यायालयाने विशेष कारणास्तव तसा आदेश द्यावा लागतो.

प्रत्यक्षात अशी समन्से ‘विशेष कारण’ न लिहिताच निघतात. अशा वेळी समन्स परत करू नये. त्याऐवजी मागितलेल्या नोंदींच्या प्रमाणित प्रती तयार ठेवून न्यायालयाला एक छोटे पत्र किंवा पुरशीस (लेखी निवेदन) द्यावी: बँक या दाव्यात पक्षकार नाही, कलम ४ प्रमाणे प्रमाणित प्रती सोबत आहेत, कलम ५ पाहता अधिकाऱ्याची व्यक्तिगत हजेरी माफ व्हावी. विनंती कलमाचा उल्लेख करून आणि प्रती सोबत जोडून केली तर न्यायालयाचेही काम हलके होते. विनंती मान्य झाल्याचे रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत) येईपर्यंत मात्र तारखेला हजर राहावे.

कलम ६ म्हणजे पक्षकाराला नोंदी पाहण्याची व उतरवून घेण्याची परवानगी देणारे कलम. न्यायालय बँकेला ठरावीक मुदतीत सर्व संबंधित नोंदींच्या प्रमाणित प्रती देण्यास आणि सोबत ‘वादाच्या मुद्द्याशी संबंधित अन्य कोणतीही नोंद पुस्तकांत आढळत नाही’ असे प्रमाणपत्र देण्यास सांगू शकते. हे दुसरे प्रमाणपत्र लिहिताना फार सांभाळावे. ते देण्यापूर्वी कोणकोणत्या प्रणालींत शोध घेतला, बंद झालेली खाती पाहिली का, जुन्या संगणक प्रणालीतील नोंदी तपासल्या का, याची टिपणी फाइलमध्ये असली पाहिजे, कारण उलटतपासात पहिला प्रश्न तोच येतो. या कलमाखालचा आदेश, न्यायालयाने वेगळे सांगितले नसेल तर, पालनाच्या वेळेपूर्वी बँकेच्या सुट्या वगळून पूर्ण तीन दिवस आधी बजावला गेला पाहिजे. आणि पालनाची मुदत संपण्यापूर्वी बँक सुनावणीच्या वेळी पुस्तके हजर करण्याची तयारी दाखवू शकते, किंवा आदेशाविरुद्ध कारण दाखवण्याचा इरादा कळवू शकते. तसे कळवल्यावर पुढील आदेश होईपर्यंत त्या आदेशाची अंमलबजावणी होत नाही. गोपनीयता जपण्यासाठी कायद्याने बँकेच्या हातात ठेवलेले हे सर्वांत स्पष्ट साधन आहे, आणि ते वापरायचे तर मुदतीच्या आत वापरावे लागते. उशीर बँकेच्या दोषाने झाला तर कलम ७ प्रमाणे खर्चाचा बोजाही बँकेवर येऊ शकतो.

मागणी फार मोठी असेल तर

समजा, घराच्या विक्रीच्या व्यवहारात वादीने प्रतिवादीला एका महिन्यात दोन धनादेशांनी इसार दिला, असा वाद आहे. आणि समन्समध्ये ‘प्रतिवादी व त्याच्या पत्नीच्या सर्व खात्यांचे गेल्या १० वर्षांचे उतारे’ मागितले आहेत. पत्नी दाव्यात पक्षकार नाही. मुद्दा दोन धनादेशांचा आहे, आणि मागितले आहे एका कुटुंबाचे दहा वर्षांचे आर्थिक आयुष्य. येथे बँकेने स्वतःच्या अंदाजाने काही द्यायचे आणि काही वगळायचे असे करू नये, कारण आदेशाचे अर्धवट पालन हाही आदेशाचा भंगच ठरतो. त्याऐवजी न्यायालयापुढे अर्ज करून सांगावे की दोन धनादेशांशी संबंधित नोंदी तयार आहेत. उर्वरित मागणीत दाव्याबाहेरील व्यक्तीची माहिती येते. तिची आवश्यकता तपासून आदेशाची व्याप्ती स्पष्ट करावी. न्यायालयाने मागणी कायम ठेवली तर सर्व सादर करावे, आणि तेव्हा बँकेच्या मनावर कोणतेही ओझे राहत नाही.

पुष्कळ अधिकारी अशा वेळी नको असलेल्या ओळी शाईने झाकून प्रत देतात. ते धोक्याचे आहे. नोंदीची ‘खरी प्रत’ असल्याचे प्रमाणपत्र आणि काळी पट्टी मारलेला कागद यांचा मेळ बसत नाही. कलम ६ ‘नोंदीं’बद्दल बोलते, संपूर्ण खात्याबद्दल नाही; म्हणून ठरावीक तारखांच्या किंवा ठरावीक रकमांच्या नोंदींचाच उतारा काढून त्याला तसे स्पष्ट नाव द्यावे. काही झाकणे अपरिहार्य असेल तर काय झाकले आणि का, हे सोबतच्या पत्रात उघड लिहावे. केवायसी कागदांतील आधार क्रमांकाचे पहिले ८ अंक झाकलेली प्रत देणे हे याचे योग्य उदाहरण आहे.

प्रमाणपत्रे

प्रमाणित प्रतीच्या तळाशी काय लिहायचे हे १८९१ च्या कायद्यातच दिले आहे: ही नोंदीची खरी प्रत आहे, नोंद बँकेच्या नेहमीच्या पुस्तकांपैकी एकात आहे, ती कामकाजाच्या नेहमीच्या ओघात केली गेली आणि ते पुस्तक अजूनही बँकेच्या ताब्यात आहे. त्याखाली तारीख आणि मुख्य लेखापालाची किंवा व्यवस्थापकाची नाव व पदनामासह सही हवी. आज जवळपास सर्व नोंदी संगणकात असल्यामुळे कलम २ए लागू होते. त्याप्रमाणे एक प्रमाणपत्र शाखा व्यवस्थापकाचे किंवा मुख्य लेखापालाचे लागते. दुसरे लागते संगणक प्रणालीच्या प्रभारी व्यक्तीचे, ज्यात नोंदींची सुरक्षितता, अनधिकृत बदल टाळण्याची व्यवस्था, माहितीची साठवण इत्यादींचे वर्णन असते. आणि प्रणाली योग्य रीतीने चालत होती असे त्या व्यक्तीने आपल्या माहिती व विश्वासानुसार नमूद करायचे असते. हे दुसरे प्रमाणपत्र शाखेत तयार होत नाही. ते मुख्य कार्यालयाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाकडून मागवावे लागते, म्हणून समन्स आल्याच्या दिवशीच त्याची मागणी पाठवावी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी जुन्या साक्ष्य कायद्यातील कलम ६५बी ऐवजी आता कलम ६३ आहे. त्याच्या अनुसूचीतील प्रमाणपत्राचे भाग अ आणि भाग ब असे दोन भाग आहेत. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि दोन्हींत नोंदीचे हॅश मूल्य (नोंद बदलली नाही हे तपासण्यासाठी तिच्यावरून संगणकाने काढलेली अक्षर-अंकांची खूण) व ते कोणत्या पद्धतीने काढले ते लिहायचे असते. प्रमाणपत्र ही केवळ औपचारिकता आहे असे कोणी समजत असेल, तर जालन्यातील निवडणूक वादातून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या प्रकरणातील २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. तेथे ६५बी खालचे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले आहे. माझ्या मते बँकेने कलम २ए आणि कलम ६३ ही दोन्ही प्रमाणपत्रे सोबतच द्यावीत. त्यामुळे प्रमाणपत्राच्या त्रुटीसाठी अधिकाऱ्याला पुन्हा बोलावण्याची वेळ येत नाही.

मूळ कागद, धनादेश आणि चित्रण

सहीचाच वाद असेल तर प्रतीवर भागत नाही. हस्ताक्षर तज्ज्ञाला मूळ धनादेश किंवा खाते उघडण्याचा मूळ अर्ज लागतो. येथे एक गोष्ट पक्षकारांच्या आणि कधीकधी बँकांच्याही लक्षात येत नाही. सीटीएस पद्धतीत (धनादेशाच्या प्रतिमेवरून वटवणुकीच्या पद्धतीत) मूळ धनादेश ज्या बँकेत जमा केला तिच्याकडेच राहतो. ज्या बँकेवर तो काढला आहे तिला केवळ त्याची प्रतिमा मिळते. जमा करून घेणाऱ्या बँकेने तो १० वर्षे जपायचा असतो. म्हणून मूळ धनादेश आपल्याकडे नसेल तर ‘उपलब्ध नाही’ एवढेच न लिहिता तो कोणत्या बँकेकडे असावा हे न्यायालयाला कळवावे. मूळ कागद देताना त्याची प्रमाणित प्रत स्वतःकडे ठेवावी, न्यायालयाकडून पोच घ्यावी, निशाणी क्रमांक (न्यायालयाने पुराव्यातील कागदाला दिलेला क्रमांक) टिपून ठेवावा आणि प्रकरण संपल्यावर मूळ परत मिळण्यासाठी अर्ज करावा.

बँकांनी अभिलेख किती काळ जपावेत याचे १९८५ चे नियम पुस्तकांच्या प्रकारानुसार ५ किंवा ८ वर्षांची मुदत देतात. समन्स आल्यावर ही मुदत संपत आली आहे असे दिसले, तर संबंधित अभिलेख नष्ट करण्याच्या यादीतून ताबडतोब काढून घ्यावा. कॅमेऱ्याच्या चित्रणाबाबत तर एक दिवसाचाही उशीर परवडत नाही, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. चित्रणात इतर ग्राहकही दिसतात. त्यामुळे आदेशात लिहिलेल्या वेळेपुरताच भाग वेगळा करून द्यावा.

खातेदाराला कळवावे का

खातेदार स्वतःच दाव्यात पक्षकार असेल तर समन्सची बातमी त्याला न्यायालयातून मिळालेलीच असते. खातेदार दाव्याबाहेरचा असेल आणि प्रकरण दिवाणी असेल, तर आदेशाने मनाई केलेली नसल्यास त्याला लगेच लेखी कळवावे, म्हणजे त्याला स्वतःचे म्हणणे न्यायालयापुढे मांडता येईल. ज्याची माहिती दिली जाणार आहे त्याला आधी कळणे ही न्याय्य वागणुकीची किमान पातळी आहे, असे मला वाटते. फौजदारी तपासात मात्र हे उलटे होते: तपास यंत्रणेच्या मागणीची वाच्यता केल्याने पुरावा नाहीसा होऊ शकतो, म्हणून विधी विभागाच्या मताशिवाय खातेदाराशी बोलू नये. आणि मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवला असेल, तर तो पाठवल्याचे खातेदाराला कोणत्याही स्थितीत सांगायचे नसते. दिवाणी समन्सच्या उत्तरात ‘सर्व पत्रव्यवहार’ म्हणून असा अहवाल चुकून जोडला जाऊ नये, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

साक्षीच्या पिंजऱ्यात

अधिकाऱ्याला साक्षीला उभे राहावेच लागले, तर आपण नोंदींचे साक्षीदार आहोत, कोणत्याही पक्षाचे नाही, हे ध्यानात ठेवावे. सरतपासात आणि उलटतपासात विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर द्यावे. व्यवहार कशासाठी झाला, खातेदाराचा हेतू काय होता, रक्कम रोख का काढली, याबद्दल स्वतःचा तर्क सांगू नये. प्रश्न दुसऱ्याच खात्याकडे वळला, तर न्यायाधीशांना विनंती करावी की हे खाते आदेशात नाही आणि न्यायालयाने निर्देश दिल्यास माहिती देता येईल. न्यायालयाच्या आवारात पक्षकार किंवा त्यांचे वकील ‘जरा कागद पाहू द्या’ म्हणतात. कागद प्रथम न्यायालयाच्या हातात जातात आणि तेथूनच पक्षकारांना मिळतात.

कागद हवे असणाऱ्या पक्षकारासाठी

बँकेकडे जाण्यापूर्वी समोरच्या पक्षकाराकडे मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ त्याच्या ताब्यातील कागद उघड करून घेण्यासाठीच आहे, आणि स्वतःचा खातेउतारा कोणालाही मिळवता येतो. पोटगीच्या प्रकरणांत तर सर्वोच्च न्यायालयाने २०२० पासून दोन्ही बाजूंनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आहे, त्यात बँक खात्यांचा तपशील येतो. हुकूमनामा मिळाल्यानंतर दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कारवाईत) आदेश २१ च्या नियम ४१ खाली ऋणकोला मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्यास भाग पाडता येते, आणि त्याने ते दिले नाही तर न्यायालय त्याला ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकते. धनादेश न वटल्याच्या खटल्यात बँकेच्या परतीच्या मेमोवरून न्यायालय धनादेश अनादरित झाल्याचे गृहीत धरते, असे परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १४६ सांगते. त्यासाठी व्यवस्थापकाला बोलावण्याची बहुधा गरज नसते.

तरीही बँकेकडूनच कागद हवे असतील, तर अर्जात खाते क्रमांक, शाखा, कालावधी, नोंदीचा प्रकार आणि त्या नोंदीचा वादाच्या मुद्द्याशी असलेला संबंध लिहा. ‘काहीतरी सापडेल’ या आशेने केलेला अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मोठी असते आणि त्यात महिने जातात. अभिलेख नष्ट होण्याची मुदत लक्षात घेऊन अर्ज दाव्याच्या सुरुवातीलाच करावा, आणि साक्षीदाराचा भत्ता व प्रतींचा खर्च वेळेवर भरावा.

खातेदारासाठी

आपल्या खात्याची माहिती मागितली गेली आहे असे कळले, तर बँकेशी भांडण्यात वेळ घालवू नका. न्यायालयाच्या आदेशापुढे बँकेचा नाइलाज आहे. त्याच न्यायालयात अर्ज करून मागणीची व्याप्ती कमी करण्याची, दाव्याशी असंबद्ध कालावधी वगळण्याची किंवा कागद मोहोरबंद पाकिटात ठेवण्याची विनंती करा. मोहोरबंद पाकिटाने माहिती सर्वांसमोर येणे टळू शकते, पण तो कागद पुराव्यात वाचला जाणार असेल तर विरुद्ध पक्षाला तो पाहायला मिळतोच, हे धरून चालावे. बँकेने आदेशाशिवाय किंवा आदेशाबाहेर माहिती दिली असे दिसले, तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि भरपाईसाठी ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. तक्रारीत कोणती माहिती, कोणत्या तारखेला, कोणाला दिली गेली आणि ती तुम्हाला कशी कळली, हे तपशिलाने लिहा. बँकेच्या जावक नोंदवहीतील नोंद आणि समन्सची प्रत देण्याची विनंतीही त्याच तक्रारीत करा, कारण दिलेली माहिती आदेशाच्या शब्दांत बसते की नाही, हे त्या दोन कागदांवरून ठरते.